मिराशी बाईंचं ‘बरं, मग?’

मिराशी बाईंना कुठलीही गोष्ट सांगून मोकळं होता येत नसे. आपलं बोलणं संपलं असं आपल्याला वाटायचं, आणि बाई चष्म्यावरून बघत शांतपणे म्हणायच्या, "बरं, मग?"

गृहपाठ झाला नाही, ताप आला होता. "बरं, मग?" मग झोपले. "बरं, मग?" मग सकाळी ताप उतरला. "बरं, मग?" मग वेळ होता, पण केला नाही. एवढं आपल्याच तोंडून निघालं की त्या पुढच्या बाकाकडे वळायच्या. ओरडणं नाही, मार तर नाहीच. आमच्या आधीच्या कुठल्यातरी तुकडीनं त्यांचं नाव ‘बरंमग बाई’ ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी तसं लिहून ठेवलं, तर त्यांनी फक्त ‘बरं’वरचा राहिलेला अनुस्वार दिला आणि शिकवायला सुरुवात केली.

रामनगरच्या आमच्या हायस्कुलात त्या विज्ञान शिकवायच्या. मूळच्या खानापूरकडच्या. अंगानं उंच आणि हाडकुळ्या, सुती साडी, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. वर्गात पुस्तकातलं मराठी आणि कार्यालयात चोख कन्नड. शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की मात्र ‘हाय’, ‘न्हाई’, ‘व्हय’ सुरू. वर्गात गलका झाला तर एकच शब्द, "साकू." कन्नडमधला हा ‘पुरे’ त्या इतक्या खालच्या आवाजात म्हणत की तो ऐकू यावा म्हणूनच सगळे गप्प बसत.

कमरेला त्यांच्या एक कापडी पुरचुंडी असायची, तंबाखू आणि चुन्याची. नवीन आलेल्या मुख्याध्यापकांनी ती पाहिली आणि शिक्षकांनी व्यसनांपासून दूर राहावं यावर प्रार्थनेच्या वेळी भाषण दिलं. बाईंनी ते मान हलवत ऐकलं. पुढच्याच पावसाळ्यात मुख्याध्यापक आमच्याबरोबर रानात आले आणि त्यांच्या पोटरीवर जळवा चढल्या. बाईंनी पुरचुंडी भिजवून जळवांना लावली. जळवा गळून पडल्या. ते भाषण पुन्हा झालं नाही.

रानात जाणं हे बाईंच्या शिकवण्यातलंच काम होतं. नववीत असताना त्या आम्हाला गणेशगुडीला घेऊन गेल्या. धरणाच्या खालच्या अंगाला काळी नदीचं पाणी सोडलेलं होतं, पर्यटक रबरी नावांतून ओरडत चालले होते. आमचं सगळ्यांचं लक्ष तिकडे. बाईंनी आम्हाला नदीकडे जाऊच दिलं नाही. नदीला येऊन मिळणाऱ्या एका लहानशा ओहोळात त्यांनी आम्हाला गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं केलं आणि प्रत्येकाला एकेक दगड उचलून उलटा करायला लावला. माझ्या दगडाच्या पोटाशी वाळूच्या कणांची एक बारीक नळी चिकटलेली होती. मी ती घाण समजून काढून टाकणार, तेवढ्यात नळीतून एक डोकं बाहेर आलं आणि मला पाहून आत गेलं.

"त्यो किडा हाय," बाई म्हणाल्या. "वाळूचा एकेक कण चिकटवून घर बांधतो. पाण्यानं वाहून जाऊ नये म्हणून."

"आणि मोठा झाला की?" मी विचारलं.

"घर सोडून उडून जातो. दगड ठेव बघू जसा होता तसा."

बाकीची मुलं परत येताना त्या रबरी होड्यांबद्दल बोलत होती. मला मात्र तो किडा रात्री घरी आल्यावरही आठवत राहिला. पुढे मी बेळगावात बी.एस्सी. आणि धारवाडला एम.एस्सी. केलं, आणि दोन्हीकडे ओढ्यांतल्या किड्यांचाच पाठलाग केला. त्याचं मूळ त्या ओहोळात आहे.

बाईंची दुसरी एक आठवण आमच्या वर्गातल्या यल्लूची आहे. दहावीची परीक्षा झाली आणि तिच्या वडिलांनी तिचं लग्न ठरवलं. मुलगा चांगला होता, खानापूरला त्यांचं शेत होतं. बाईंना कळल्यावर त्या दुपारच्या उन्हात यल्लूच्या घरी गेल्या. यल्लू माझी मैत्रीण, म्हणून मीही मागोमाग गेले. बाई भांडतील, कायदा सांगतील, असं मला वाटत होतं. त्या अंगणातल्या खाटेवर बसल्या, ताक प्यायल्या आणि म्हणाल्या, "कलाप्पाण्णा, पोरीचं लगीन काढलंय म्हणं."

"व्हय बाई. स्थळ चांगलं हाय."

"बरं, मग?"

"मग काय, पोरगी सुकात ऱ्हाईल."

"बरं, मग?"

"मग तिला पोरंबाळं हुतील."

"बरं, मग?"

"त्यास्नी शाळंत घालंल."

"बरं, मग?"

कलाप्पाण्णांनी डोक्यावरचा रुमाल काढून खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "त्यांचा अभ्यास कोण घेणार म्हणतासा व्हय?"

"म्या काय बी म्हटलं न्हाई," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी ताक मागितलं.

यल्लू कॉलेजात गेली. दोन वर्षांनी बारावी झाल्यावर तिचं लग्न झालं, त्याच मुलाशी. तो थांबला होता. आम्हाला वाटलं बाई नाराज असतील. पण त्या लग्नाला आल्या, पोटभर जेवल्या आणि नवऱ्या मुलाला जवळ बोलावून त्याच्याशी हसून बोलल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आता तिनं स्वतः व्हय म्हटलंय. मला तेवढंच पायजे हुतं."

निवृत्त झाल्यावर बाई कॅसलरॉकला राहायला गेल्या. तिथं त्यांची विधवा थोरली बहीण होती, आक्का. आक्कांचे यजमान रेल्वेत होते, त्यांनी मागे बांधलेलं छोटं कौलारू घर होतं. दोघी बहिणी, एक मांजर, आणि दिवसातून अनेकदा घराला हलवून जाणाऱ्या मालगाड्या.

मी त्यांच्याकडे गेले ती एका एप्रिलमध्ये. पीएच.डी.साठी मला परदेशात दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक अमेरिकेत, मोठ्या विद्यापीठात. तिथल्या प्राध्यापकांचं नाव आमच्या एम.एस्सी.च्या पुस्तकांत होतं. दुसरा जर्मनीतल्या एका छोट्या गावात. तिथले प्राध्यापक तरुण होते, नुकतेच रुजू झालेले, आणि त्या गावाचं नाव रामनगरात एकालाही नीट उच्चारता येत नव्हतं. विद्यावेतन दोन्हीकडे मिळणार होतं. आठवडाभरात उत्तर कळवायचं होतं.

बाबांचं बाजारात किराणा दुकान. तिथं येणाऱ्या गिऱ्हाइकांनी माझा निकाल लावून टाकला होता. साखर घेता घेता लोक म्हणत, "अमेरिका म्हंजे अमेरिका." बाबाही तेच म्हणत. खरं सांगायचं तर मीही मनानं तिकडंच गेले होते. बाईंकडे मी सल्ला मागायला गेले नव्हते, पेढे घेऊन पाया पडायला गेले होते.

बाईंनी पेढ्याचा अर्धा तुकडा तोंडात टाकला, अर्धा आक्कांना दिला.

"अमेरिकेला जाणार. बरं, मग?"

"मग मोठ्या सरांच्या हाताखाली काम करीन."

"ते कुठं बसतात? तू कुठं बसणार?"

मला माहीत नव्हतं.

"तू चुकलीस तर तुला कोण सांगणार? ते, का दुसरं कुणी?"

तेही माहीत नव्हतं.

"दुपारचं जेवायला कुणाबरोबर बसशील?"

"बाई, हे सगळं तिथं गेल्यावर कळेल ना."

"गेल्यावर कळून काय उपेग, नंदे? पाच वर्सं काढायची हायत तुला तिथं. तिथल्या पोरांशी बोललीस?"

बोलले होते. प्राध्यापकांनीच दोघांचे पत्ते दिले होते, दोघांनीही उत्तम सांगितलं होतं.

"त्यांनी दिलेली माणसं चांगलंच बोलणार. जे टिकले तेही चांगलं बोलणार. मधेच निघून गेलं असंल कोण, तर त्याला शोध. दोन्हीकडचं. आणि लगेच मत करू नकोस, नुसतं ऐक."

मला राग आला होता. पेढे द्यायला येऊन गृहपाठ घेऊन निघाले होते. पण गाडी यायला वेळ होता, आणि गाडीत बसल्यावर करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. रामनगरला पोचेपर्यंत मी शोध सुरू केलेला होता.

अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून दोन वर्षांनी बाहेर पडलेली एक बंगाली मुलगी सापडली. ती माझ्याशी खूप वेळ बोलली. प्राध्यापक वाईट नाहीत, ती म्हणाली. कुणालाही त्रास देत नाहीत. पण महिनोन्‌महिने भेटत नाहीत. आपल्याला काय शोधायचंय हे पक्कं ठाऊक असेल तर तिथल्यासारखी जागा नाही. मला ते ठाऊक नव्हतं, ती म्हणाली, आणि ठाऊक नाही हे सांगायला तिथं कुणी नव्हतं.

जर्मनीतलं काम मधेच सोडून गेलेली एक मुलगी होती हे कळलं, पण तिनं उत्तर दिलं नाही. मी बाईंना निरोप धाडला आणि त्यांनी स्टेशनवर जाऊन मला फोन केला. त्या म्हणाल्या, "मग त्या सरांनाच इचारू. माझ्यासमोर लाव फोन. इकडं ये."

कॅसलरॉकला बाईंच्या घरात रेंज येत नसे. ती यायची फलाटाच्या टोकाला, शेवटच्या बाकापाशी. तिथं आम्ही दोघी दुपारी जाऊन बसलो. जर्मनीत तेव्हा सकाळ होती. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि बूट धुतले होते. मोबाइल मी पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. प्राध्यापक पडद्यावर आले, लालसर दाढी, मागे खिडकी. मी ओळख करून दिली, या माझ्या शाळेतल्या शिक्षिका. त्यांना वाटलं बाई नमस्कार करून बाजूला होतील. बाई बाकावर आणखी पुढं सरकल्या.

बाईंचं इंग्रजी शाळेतलं होतं. एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा वेगळा. त्यांनी विचारलं, "सर, तुमची एक विद्यार्थिनी सोडून गेली. का गेली?"

मला फलाटाखाली जावंसं वाटलं. प्राध्यापक खुर्चीत सरळ बसले. ते काही बोलणार, एवढ्यात घाटाकडची मालगाडी आली. तिला मागून आणखी इंजिनं जोडलेली होती. तो आवाज सुरू झाला की कॅसलरॉकमध्ये कुणीच बोलत नाही, सगळे जिथल्या तिथं थांबतात. बाईही थांबल्या. मी मोबाइल फिरवून त्यांना गाडी दाखवली. डबे सरत होते, सरतच होते, आणि ते प्राध्यापक पडद्याला नाक लावून लहान मुलासारखे बघत होते. गाडी गेली. मला वाटलं, आता प्रश्नही गेला.

"हं," बाई म्हणाल्या. "का गेली?"

प्राध्यापक म्हणाले, "माझ्यामुळे. ती माझी पहिली विद्यार्थिनी होती. आधी मी तिला पुरेसा वेळ दिला नाही. मग काम मागं पडलं तेव्हा घाबरून रोज डोक्यावर बसलो. आता मी दर आठवड्याला भेटतो, आणि विद्यार्थ्यांना दुसराही एक मार्गदर्शक असतो. माझ्याबद्दल तक्रार करायला."

"तुमची नोकरी पक्की आहे?"

"नाही. हिचं काम संपण्याआधी माझा करार संपतो."

"मग हिचं काय?"

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ते गेले तरी दुसरे मार्गदर्शक हिच्याकडून काम पुरं करून घेतील, तसं लिहून दिलेलं असतं. बाईंनी त्यांना मधूनमधून थांबवून मला मराठीत अर्थ विचारला. शेवटी त्यांनी विचारलं, तिथं हिला ताप आला तर कोण बघेल? प्राध्यापकांनी प्रश्न कागदावर लिहून घेतला. मग म्हणाले, याचा मी विचार केला नव्हता. विचारून सांगतो.

फोन बंद झाला. मी बाईंकडे पाहिलं. त्या आता सांगतील, जर्मनीला जा, अशी माझी खात्री होती.

"दोन्हीकडं खोट हाय," त्या म्हणाल्या. "ह्या सरांनी त्यांची तुला तोंडावर सांगितली, एवढाच फरक. आता तू ठरीव."

"तुम्ही सांगा ना बाई."

"न्हाई."

बाकावर ऊन येऊ लागलं होतं, तरी आम्ही उठलो नाही. मग बाईंनी आपण होऊन जे सांगितलं ते मी त्यांच्याकडून पहिल्यांदा आणि शेवटचंच ऐकलं. धारवाडला एम.एस्सी. झाल्यावर त्यांच्या प्राध्यापकांनी त्यांना दिल्लीला संशोधनासाठी जा म्हणून सांगितलं होतं. जागाही मिळाली होती. त्याच वेळी रामनगरच्या शाळेतली नोकरीही आली.

"आई आजारी हुती ना तुमची?" मी म्हटलं. गावात सगळ्यांना तेच माहीत होतं.

"हुती. पण ती म्हणत हुती जा. आक्का बघणार हुती तिच्याकडं. आई आजारी हाय, हे लोकांस्नी सांगायला बरं पडलं." त्या रुळांकडे बघत होत्या. "मला भ्या वाटलं, नंदे. एवढंच. दिल्लीत कोण बोलंल आपल्याशी, आपलं इंग्रजी असलं. कुणी जर मला बसवून इचारलं असतं, का थांबतीस, तर माझ्या तोंडून ते निघालं असतं. निघालं असतं तर कदाचित गेले असते. कदाचित थांबलेही असते. पर कुणी इचारलंच न्हाई. सगळी म्हणाली, लई गुणाची पोरगी, आईसाठी राहिली."

"वाईट वाटतं?"

"शाळेचं न्हाई वाटत. शाळा मला आवडली. पण ऱ्हायचं असं मी ठरीवलं न्हवतं, भ्याल्यामुळं ते आपोआप झालं. तसं तुझं होऊ नये. कुठं बी जा. पण का जातीस ते तुला म्हाईत पायजे."

रामनगरला परत येताना मी स्वतःलाच विचारत राहिले. अमेरिका का? मोठं नाव. बरं, मग? मग परत आल्यावर लोक मान देतील. बरं, मग? यापुढं मला उत्तर सुचेना. जर्मनी का? तिथं ओढ्यात उतरायला मिळेल. बरं, मग? इथून पुढं मात्र मला खूप काही सुचत होतं, उतरायचं लोंढा स्टेशन कधी आलं ते कळलं नाही.

बाबांना पटवणं सोपं गेलं नाही. काही दिवस ते गिऱ्हाइकांना माझ्याबद्दल काही सांगायचंच टाळत. शेवटी बाईच दुकानात आल्या, तूरडाळ घ्यायला म्हणून, आणि बाकड्यावर बसल्या. आत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. बाबा बाहेर आले तेव्हा म्हणाले, "ती बाई माणसाला बोलू देते आणि हरवते." दुसऱ्या दिवसापासून ते त्या गावाचं नाव म्हणायला शिकू लागले.

सगळं छान झालं असं नाही. पहिला हिवाळा फार वाईट गेला. दुपारी चारलाच अंधार, गावात मराठी सोडा, हिंदी बोलणारंही कुणी नाही. प्राध्यापक दर आठवड्याला भेटायचे खरे, पण चिडके होते, दिलेला शब्द विसरायचे. दुसऱ्या वर्षी माझा एक मोठा प्रयोग पुरात वाहून गेला. त्या संध्याकाळी ते माझ्याबरोबर ओढ्याच्या काठी चिखलात बसून राहिले आणि मग म्हणाले, जागा चुकीची मीच निवडली होती. तेव्हा मला फलाटावरची ती दुपार आठवली. मला ताप आला तेव्हा त्यांच्या बायकोनं सूप आणून दिलं. त्यांनी विचारून ठेवलं होतं.

बाई महिन्यातून एकदा फलाटाच्या टोकाशी जाऊन मला फोन करायच्या. कामाबद्दल विचारायच्या, जेवणाबद्दल विचारायच्या, आणि प्राध्यापकांबद्दल, "ते सर बरे हायत?" सरही मला विचारायचे, रेल्वेतल्या त्या बाई कशा आहेत? बाई रेल्वेत नाहीत हे मी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

बाई गेल्या तेव्हा मी ओढ्यात उभी होते. बाबांचा निरोप काठावर आल्यावर वाचला. झोपेतच गेल्या, आक्कांनी सकाळी चहा नेला तेव्हा कळलं. मला येता आलं नाही. प्राध्यापकांना सांगितलं तर त्यांनी समोरचं काम बाजूला केलं आणि म्हणाले, सांग मला त्यांच्याबद्दल. मी सांगत बसले, यल्लूपासून.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी घरी आले होते, तेव्हाची त्यांची भेट शेवटची. थकल्या होत्या, पायांना सूज होती, पांढरे बूट आता पायात जात नव्हते. त्या व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. मी पुढच्या महिन्यात सरांशी तुमचं पुन्हा बोलणं करून देते, असं म्हटलं. बाई खूश झाल्या आणि लगेच गंभीर झाल्या.

"गेल्या टायमाला मी त्यांची उलटतपासणीच घेतली. बरं न्हाई दिसलं. जेवलासा का, एवढं तरी आधी इचारायला पायजे हुतं. त्यांच्या भाषेत कसं म्हणतात ते?"

"हाबेन झी शोन गेगेसन," मी म्हटलं.

"परत म्हण."

मी परत म्हटलं. बाईंनी मला ते अनेकदा म्हणायला लावलं. ‘हाबेन झी’ लगेच आलं, ‘शोन’ही आलं, पण शेवटचा शब्द जिभेवर बसेना. कधी गेसेगन व्हायचा, कधी गेगेगसन. आक्का आतून म्हणाल्या, "काय कोंबड्या बोलावतासा काय?" बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला एकेक तुकडा वेगळा करून म्हणायला सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघत राहिल्या.

गाडीची वेळ झाली. मी पाया पडले आणि निघाले. फाटकापाशी वळून पाहिलं तर बाई उठून खांबाला धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. मला काहीतरी सांगत असतील म्हणून मी परत दोन पावलं आत आले. त्यांनी मोकळा हात हलवून मला जा म्हणून खुणावलं. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. डोळे मिटून, मान एका लयीत हलवत, त्यांचं चाललं होतं, "गेगेसन, गेगेसन."